धोतऱ्याची साक्ष

नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांकडील नर्मदाकांठचा मुलूख इ. स. १८१८ त इंग्रजांकडे गेला. जबलपूर त्यांतच होतें. आणि तेथूनच पुढें स्लीमन यानें ठगांचा बंदोबस्त चालविला. ठगांचें मुख्य साधन रुमाल. परंतु वाटसरूंस अन्नांतून धोतरा चारून लुटणारांचा एक निराळा वर्ग होता, व स्लीमननें १८४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनांत ठगांबरोबर त्यांचीही हकीकत दिली आहे.

ही युक्ति फार जुनी. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. चोर अन्नांत धोतरा मिसळतात. खाणाराचें भान सुटतें, तो हसत राहतो, दागिने कोणी नेले तरी हरकत घेत नाहीं, आणि हा अंमल निदान एक दिवस टिकतो, असें तो सांगतो.

या वर्णनाची पारख रसायनशास्त्रानें करतां येते. गायगर व हेस या जर्मन रसायनज्ञांनीं १८३३ सालीं धोतऱ्यांतून 'दातुरीन' नांवाचें अल्कलॉइड वेगळें काढलें. हायोसायमीन व त्यापासून होणारें अट्रोपीन यांहून तें निराळें नाहीं, असें पुढें ठरलें. धोतऱ्यांत स्कोपोलामीनही असतें. हीं द्रव्यें मज्जातंतूंचा निरोप पोंचविणाऱ्या ॲसेटिलकोलीनची वाट अडवितात. त्यामुळें तोंड कोरडें पडतें, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, नाडी जलद चालते व भ्रम होतो. शुद्धीवर आल्यावरही मधल्या काळाची आठवण बहुधा राहत नाहीं.

इतिहासाच्या दृष्टीनें हीच गोष्ट महत्त्वाची आहे. लुटला गेलेला मनुष्य वांचला तरी त्याची साक्ष अपुरीच राही. दप्तरांत उरे ती बहुधा माफीच्या साक्षीदाराची जबानी. आणि स्वतःचा जीव वांचविण्यासाठीं दिलेली जबानी जशीच्या तशी ग्राह्य धरणें युक्त नव्हे. तींतील लक्षणें वरील लक्षणांशीं ताडून पाहावींत. नुसती गाढ झोंप व आकुंचित बाहुल्या वर्णिल्या असतील, तर धोतऱ्यापेक्षां अफूचा संशय घ्यावा.

दुसरी साक्ष वैद्यांच्या बाडांत मिळण्याचा संभव आहे. धोतरा उपविषांत गणला जात असल्यानें वैद्यकग्रंथांत त्याचें शोधन सांगितलेलें असतें. तेथें तो धत्तूर, उन्मत्त किंवा कनक या नांवानें येतो. कनक म्हणजे सोनेंच असें समजून पान उलटूं नये. संग्राहकांस विनंति इतकीच कीं, राजकीय पत्रें वेंचून घेतांना अशीं पानें रद्दींत जाऊं देऊं नयेत. ज्याला स्वतःची हकीकत सांगतां आली नाहीं, त्याच्या बाजूचा पुरावा कदाचित् तेथेंच असेल.