यंत्र आधी की नियम आधी?

रायपूर शहराच्या उत्तर बाजूस उरला ही औद्योगिक वसाहत आहे. खनिजापासून स्पंज आयर्न करणाऱ्या भट्ट्या, त्याचे पोलाद ओतणारे कारखाने आणि पोलादाच्या सळ्या काढणाऱ्या रोलिंग मिल येथे व शेजारच्या सिलतरा येथे दाटीने उभ्या आहेत. स्पंज आयर्नच्या भट्टीतून बाहेर पडणारा वायू अतिशय तप्त असतो. ती उष्णता धुराड्यावाटे वाया जाऊ नये म्हणून या भागातील अनेक कारखानदारांनी तिच्यावर बॉयलर बसविले आणि त्यांच्या वाफेवर आपल्यापुरती वीज निर्माण केली. बॉयलर मालकाचा, जागा मालकाची, पैसाही मालकाचा. तथापि सरकारी निरीक्षकाचे प्रमाणपत्र हाती आल्यावाचून तो पेटविण्याचा अधिकार मात्र मालकाला नाही. वाफेचा दाब जास्तीत जास्त किती असावा, हे त्या प्रमाणपत्रात नमूद केलेले असते आणि त्याची मुदत सामान्यतः एक वर्षाची असते. मुदत संपली की बॉयलर थंड करावयाचा, उघडावयाचा आणि पुन्हा तपासून घ्यावयाचा, असा शिरस्ता आहे.

या साध्या कागदामागे मोठा इतिहास आहे. १८६३ साली कलकत्त्यात एका बॉयलरचा भीषण स्फोट झाला आणि कित्येक माणसे प्राणांस मुकली. वाफेची यंत्रे त्यापूर्वीच या देशात आली होती, परंतु ती तपासावीत असे कोणत्याही कायद्याने सांगितलेले नव्हते. स्फोटानंतर बंगालच्या विधिमंडळाने १८६४ मध्ये कायदा केला. मग अन्य प्रांतांनी आपापले कायदे केले, आणि ते परस्परांशी जुळेनात. एका प्रांतात योग्य ठरलेला बॉयलर दुसऱ्या प्रांतात अयोग्य ठरू लागला. अखेरीस १९२३ साली सर्व देशाला लागू असा बॉयलर कायदा झाला. तो शंभरांहून अधिक वर्षे चालला आणि २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. यंत्र आधी आले, अपघात मागाहून झाला आणि नियम सर्वांत शेवटी आला. वाफेच्या युगाने ही किंमत मोजली, कारण फुटलेल्या बॉयलरची हानी त्या आवारापुरती आणि त्या दिवसापुरती राहत असे.

अणुभट्टीच्या बाबतीत हा क्रम परवडणारा नाही, हे तिच्या निर्मात्यांना आरंभीच कळून चुकले होते. अणुभट्टी बंद केली तरी तिच्या इंधनातील उष्णता लगेच थांबत नाही. साखळी प्रक्रिया क्षणात थांबविता येते. परंतु विखंडनातून उत्पन्न झालेले किरणोत्सर्गी पदार्थ उष्णता देतच राहतात आणि ती दीर्घकाळ वाहून न्यावी लागते. तसे न झाले आणि इंधन वितळले, तर बाहेर पडणारे द्रव्य वाऱ्याबरोबर कारखान्याची भिंत ओलांडते. ब्रिटनमध्ये विंडस्केल येथील भट्टीला ऑक्टोबर १९५७ मध्ये आग लागली, तेव्हा याचा प्रत्यय आला. तेथील उंच धुराड्यांच्या माथ्यावर गाळण्या बसवाव्यात असा आग्रह सर जॉन कॉकक्रॉफ्ट यांनी धरला होता. त्या वेळी अनेकांना तो अनाठायी खर्च वाटला आणि त्यांनी त्याची थट्टाही केली. आगीच्या दिवशी त्याच गाळण्यांनी पुष्कळसा किरणोत्सर्ग अडविला. पुढे दोनच वर्षांत, १९५९ साली, अणुभट्ट्यांना परवाना देण्याचा कायदा ब्रिटनने केला.

भारतातील पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे कार्यान्वित झाली. तिचा गाभा पाण्याच्या हौदात बुडविलेला होता आणि शक्तीही अल्प होती. डॉ. होमी भाभा यांच्या नेतृत्वाखाली ती ज्यांनी उभारली, त्यांनीच तिच्या सुरक्षिततेचा विचार केला. तो करू शकणारी दुसरी माणसेच त्या काळी देशात नव्हती. पुढे १९६२ चा अणुऊर्जा कायदा झाला आणि सुरक्षिततेचे नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आला. त्यानंतर ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, आज पालघर जिल्ह्यात असलेल्या तारापूर येथे, अमेरिकन कंपनीशी करार करून दोन भट्ट्या उभारण्यात आल्या. १९६९ मध्ये त्यांची वीज लोकांपर्यंत पोहोचू लागली. यंत्र परदेशी असल्याने त्याच्या सुरक्षिततेची मापेही बव्हंशी यंत्राबरोबरच आली. देशातील तज्ज्ञांच्या समित्या ती तपासून पाहत, परंतु त्या समित्याही अणुऊर्जा विभागाच्याच होत्या.

येथे एक जुना प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. उरला येथील कारखानदार आपल्या बॉयलरला स्वतःच प्रमाणपत्र देऊ शकत नाही. मग अणुभट्टी बांधणाऱ्या विभागाने आपल्याच भट्टीला अनुमती द्यावी काय? अमेरिकेतही हाच पेच पडला होता. तेथे अणुशक्तीचा प्रसार आणि तिचे नियमन ही दोन्ही कामे एकाच आयोगाकडे होती. १९७४ च्या कायद्याने ती अलग करण्यात आली. भारतात १९७५ मध्ये विभागांतर्गत सुरक्षा आढावा समिती नेमली गेली. १९७९ मध्ये अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे भट्टीचा गाभा अंशतः वितळला आणि साऱ्या जगात पुनर्विचार सुरू झाला. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना झाली. मंडळाचे कार्यालय मुंबईत अणुशक्तिनगर येथे आहे. २००० ते २००५ या काळात त्याचे अध्यक्षपद प्रा. सुहास सुखात्मे यांनी भूषविले, हे मराठी श्रोत्यांना विशेष आपुलकीचे वाटेल.

मंडळाने जी पद्धत बसविली, तिचे मर्म असे की अणुभट्टीला एकदाच संपूर्ण परवाना द्यावयाचा नाही. प्रथम जागेची अनुमती, मग बांधकामाची, मग यंत्र सुरू करण्याची, मग चालविण्याची आणि सरतेशेवटी ते मोडीत काढण्याची. अशा पायऱ्या ठरल्या. प्रत्येक पायरीवर अर्जदाराने आपली भट्टी सुरक्षित आहे हे सिद्ध करावयाचे आणि मंडळाने शंका घ्यावयाच्या. सिद्ध करण्याचे ओझे बांधणाऱ्यावर असते. एका पायरीवर उत्तर समाधानकारक नसेल, तर पुढच्या पायरीवर पाऊल पडत नाही.

तरीही कागदावरचा नियम आणि प्रत्यक्ष आपत्ती यांत अंतर राहतेच. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा येथे टर्बाइनची पाती तुटली, जनित्रातील हायड्रोजन वायू बाहेर येऊन पेटला आणि आगीत केबली जळाल्या. नेहमीची वीज गेली, आणि संकटकाळासाठी राखलेली वीजही पोहोचेना, कारण दोन्हींच्या केबली एकाच वाटेने गेल्या होत्या. सुमारे सतरा तास केंद्र विजेवाचून होते. कर्मचाऱ्यांनी विजेऱ्यांच्या उजेडात वर चढून भट्टीत बोरॉन सोडले आणि आगीच्या बंबासाठी ठेवलेल्या डिझेल पंपांनी पाणी पुरवून तिची उष्णता काढून घेतली. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत एवढे कागदावर असून भागत नाही. त्या एकाच आगीत सापडणार नाहीत हेही पाहावे लागते, हा धडा त्या पहाटेने दिला आणि पुढील आराखड्यांत तो उतरला.

हे झाले परिचित भट्ट्यांचे. ज्या भट्टीचा पूर्वानुभवच नाही, तिला अनुमती कोणत्या मापाने द्यावयाची, हा याहून अवघड प्रश्न आहे. कल्पाक्कम येथे ५०० मेगावॅटच्या शीघ्र प्रजनक भट्टीचे काम २००४ साली सुरू झाले. तिच्यात उष्णता वाहून नेण्याचे काम पाणी करीत नाही, वितळलेले सोडियम करते. सोडियमला पाण्यासारखा भारी दाब लागत नाही, त्यामुळे नळी फुटून वाफ उसळण्याचे भय नाही. परंतु ते हवेत पेटते आणि पाण्याशी उग्रपणे झगडते. पाण्याच्या भट्टीसाठी लिहिलेला नियम येथे काही ठिकाणी निरर्थक ठरतो, तर काही ठिकाणी अपुरा पडतो. त्यातच २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीचे पाणी बांधकामाच्या खड्ड्यात शिरले आणि जागेचा विचारही पुन्हा करावा लागला. गाभ्यात इंधन भरण्याची व साखळी प्रक्रिया प्रथम सुरू करण्याची अनुमती मंडळाने दिली ती २०२४ मध्ये. वीस वर्षांच्या या कालावधीला सर्वस्वी सुरक्षेची चौकशी कारण झाली, असे म्हणणे यथार्थ होणार नाही. तथापि नव्या यंत्राची परीक्षा घाईने होत नाही, एवढे त्यावरून दिसते.

नव्या यंत्राला जुन्या चिंतेचे ठिगळ लावले तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. डेट्रॉइटनजीकच्या ‘फर्मी’ या प्रजनक भट्टीत सुरक्षिततेची अधिक खबरदारी म्हणून झिर्कोनियमचे पत्रे उशिराने बसविण्यात आले होते. ऑक्टोबर १९६६ मध्ये त्यांतीलच एक पत्रा सुटला, त्याने सोडियमची वाट अडविली आणि काही इंधन वितळले. खबरदारीचीही परीक्षा घ्यावी लागते, असा याचा अर्थ.

भारतात यापेक्षा शहाणा मार्ग एकदा चोखाळला गेला. भाभा अणुसंशोधन केंद्राने थोरियमचा उपयोग करणाऱ्या ३०० मेगावॅटच्या प्रगत जड पाण्याच्या भट्टीचा आराखडा तयार केला. तिच्यात गाभ्यातील पाणी पंपाने फिरवावयाचे नव्हते. तापलेले पाणी वर चढते व थंड पाणी खाली येते, या निसर्गनियमावर ते फिरावे, अशी योजना होती. संकटात उपयोगी पडावा म्हणून माथ्यावर पाण्याचा प्रचंड साठा ठेवला होता. पंपच नाही, तेव्हा पंप बिघडण्याचे भय नाही. परंतु भट्टी नुकतीच सुरू होत असता, उष्णता अल्प असता, पाणी आपण होऊन पुरेसे फिरेल काय, आणि त्याचा प्रवाह स्थिर राहील काय, ही नवी शंका तिच्या जागी उभी राहिली. हा आराखडा विटा रचण्यापूर्वीच नियामक मंडळापुढे पूर्वपरवाना मूल्यमापनासाठी ठेवण्यात आला. ती भट्टी अद्याप उभी राहिलेली नाही. तथापि यंत्र कागदावर असतानाच शंका विचारल्या, तर त्यांची उत्तरे कागदावरच बदलता येतात. काँक्रीट ओतल्यावर तेच काम शतपटीने कठीण होते.

अशा अनुभवांतून प्रगत भट्ट्यांच्या मार्गदर्शनाचे सूत्र हळूहळू आकाराला आले. अमुक जाडीची नळी, अमुक संख्येचे पंप, असे सांगणारा नियम एकाच जातीच्या यंत्राला उपयोगी पडतो. म्हणून यंत्राने कोणती कर्तव्ये पार पाडावीत हे सांगावे, असे जगभरचे नियामक मानू लागले. ही कर्तव्ये तीन आहेत: साखळी प्रक्रिया केव्हाही आवरता आली पाहिजे, गाभ्याची उष्णता सतत काढून नेता आली पाहिजे आणि किरणोत्सर्गी द्रव्य आत कोंडून राहिले पाहिजे. ती पाण्याने साधा, सोडियमने साधा वा वायूने साधा. परंतु साधतात हे प्रयोगाने व गणिताने दाखवून द्या. या पद्धतीत संशोधकाला मोकळीक मिळते, आणि नियामकाची जबाबदारी वाढते. कारण यादीवर खुणा करून आता त्याची सुटका नसते. त्यालाही त्या यंत्राचे ज्ञान संशोधकाइतकेच असावे लागते.

हा विचार उरल्यासारख्या गावांच्या दारापर्यंत आता येऊ लागला आहे. पोलाद व ॲल्युमिनियम यांसारख्या वीजखाऊ उद्योगांनी आपल्यापुरत्या अणुभट्ट्या उभाराव्यात, यासाठी २२० मेगावॅटच्या परिचित भट्टीवर आधारलेली ‘भारत लघु अणुभट्टी’ योजना पुढे आली. छोट्या प्रगत भट्ट्यांच्या संशोधनासाठी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०,००० कोटी रुपयांची घोषणा झाली. भट्टीभोवती किमान एक किलोमीटर परिसर निर्मनुष्य असावा, असे मंडळाच्या २०१४ च्या संहितेने सांगितले होते. लघु भट्टीस अर्धा किलोमीटर पुरेल, अशी मांडणी आता होत आहे. कारखानदाराच्या दृष्टीने हा जमिनीच्या किमतीचा हिशेब आहे. त्या अर्ध्या किलोमीटरच्या पलीकडे ज्याचे घर असेल, त्या कामगाराच्या दृष्टीने हाच हिशेब निराळा आहे. अंतर कमी करणे चूक असेलच असे नाही. परंतु ते कोणत्या आधारावर कमी केले, हे त्याला समजेल अशा भाषेत सांगितले गेले पाहिजे.

आणि ते सांगणारा कोण, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. नियामक मंडळाला कायद्याने स्वतंत्र दर्जा नाही, हा आक्षेप महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात नोंदविला होता. त्याआधी, फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर, २०११ मध्ये मांडलेले स्वतंत्र प्राधिकरणाचे विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर २०१४ साली लयास गेले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९६२ च्या कायद्याची जागा घेणारा ‘शांती’ कायदा संमत केला. त्याने खासगी उद्योगांना या क्षेत्राचे दार उघडले आणि त्याबरोबरच मंडळाला वैधानिक अधिष्ठानही दिले. भट्टी चालविणारा जितका बलवान, तितकाच तिला थांबविणारा बलवान असावा लागतो. त्यामुळे या दोन तरतुदी एकाच कायद्यात आल्या हे योग्य झाले. त्यांतील दुसरी पहिलीइतक्याच जोमाने अमलात येते की नाही, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

भाभा केंद्राने आखलेल्या २०० मेगावॅटच्या लघु भट्टीचा पहिला संच तारापूर येथे उभारावा, अशी योजना आहे. १९६९ साली त्याच किनाऱ्यावर परकीय यंत्र आले, आणि त्याबरोबर परकीय मापेही आली. या वेळी यंत्र येथले असेल. मापेही येथेच, आणि यंत्राच्या आधी, तयार व्हावी लागतील. उरला येथील बॉयलरवर टांगलेल्या प्रमाणपत्राचे मूळ कलकत्त्याच्या त्या स्फोटात आहे. अणुभट्टीच्या परवान्याला तसे मूळ मिळू नये, एवढ्यासाठीच ही सारी लिखापढी आहे.