सांजवेळेची घंटा

वसईचे नाव निघाले की आपल्याला 1739 साल आठवते, चिमाजी अप्पा आठवतात. त्या विजयानंतर तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात ठिकठिकाणी नेल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांतलीच, तिच्यावर 1721 साल कोरलेले आहे. वाईजवळच्या मेणवलीतल्या घंटेवर 1707 आहे. कृष्णाकाठी ती घंटा पाहताना माझ्या मनात एक साधा प्रश्न आला. घंटा तर गेली, मग मागे राहिलेल्या माणसांनी प्रार्थनेची वेळ कशी ओळखली असेल?

पोर्तुगीजांनी 1534 मध्ये वसई घेतली आणि दोनशे पाच वर्षे तिथे राज्य केले. त्या काळात देवळे पाडली गेली, धर्मांतरासाठी दडपण आले, हे इतिहास सांगतो आणि ते झाकण्याचे कारण नाही. पण केवळ सत्तेच्या जोरावर उभा असलेला धर्म सत्तेबरोबरच निघून गेला असता. तसे झाले नाही. वसईचा ख्रिस्ती समाज आजही आपली सामवेदी, वाडवळी बोलतो आणि आपल्या धर्मात आहे. तोवर हा धर्म तटबंदीतून निघून ओटीवर आणि स्वयंपाकघरात येऊन बसला होता. तिथून त्याला हुसकावणे कोणत्याही फौजेला जमत नाही.

तो तिथे टिकला, तो अगदी लहान सवयींवर. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशी तीन वेळा चर्चची घंटा होते. तिला देवदूताच्या निरोपाची प्रार्थना म्हणतात. शेतात असो वा विहिरीवर, माणूस क्षणभर हातातले काम थांबवतो. जेवणाआधी दोन शब्द आभाराचे. रात्री घरच्यांनी एकत्र बसून म्हटलेली रोझरी. आणि मग धाकट्यांनी थोरल्यांचा आशीर्वाद मागायचा. गोव्यात त्याला 'बेसांव' म्हणतात. शब्द पोर्तुगीज भाषेतून आला, पण वाकून आशीर्वाद घेणारी मान मात्र इथल्याच मातीची.

माझ्या एका वसईकर मित्राच्या घरी मी ही रोझरी ऐकली आहे. आजी पुढे म्हणत होती, बाकीचे मागून म्हणत होते. एक नातू पेंगत होता, त्याला कुणी रागावले नाही. मला माझी आई आठवली. मगरिबच्या नमाजनंतर तिच्या बोटांतून तसबीह अशीच सरकायची. आमच्या तसबीहचे मणी तेहतीस किंवा नव्व्याण्णव, वारकऱ्याच्या जपमाळेचे एकशे आठ, आणि रोझरीत दहा-दहांचे पाच गट. हिशेब निराळे, पण दिवसभर भटकलेल्या मनाला घरी आणण्याची युक्ती एकच.

सवय रुजायची तर ती आपल्या भाषेत असावी लागते. हे फार लवकर ओळखले ते फादर थॉमस स्टीफन्स यांनी. हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला आणि पुढची चाळीस वर्षे, मरेपर्यंत, तिथेच राहिला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणे सुटली होती, पण पुराण ऐकण्याची सवय सुटली नव्हती. फादरांनी ती मोडली नाही, तिचाच आधार घेतला. बायबलची कथा त्यांनी सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत सांगितली. ते 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूरला छापले गेले.

पुढे 1684 मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. ख्रिस्तपुराणाच्या त्या जुन्या छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज सापडत नाही. तरी ग्रंथ वाचला, कारण लोकांनी हाताने नकला करून तो जपला. त्या हस्तलिखितांवरून 1907 मध्ये तो मंगळूरला पुन्हा छापला गेला. रात्री दिव्याच्या उजेडात ओव्या उतरवून घेणाऱ्या त्या माणसांची नावे आज फारशी कुणाला ठाऊक नाहीत.

तिकडे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, हेच काम दुसऱ्या वाटेने झाले. मिशनच्या प्रार्थनेत परक्या चालींवर बेतलेली गीते म्हटली जात. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी त्या उपासनेत अभंग, भजन, कीर्तन आणले. त्यांची गीते मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.

पण मला टिळकांहून लक्ष्मीबाईंची गोष्ट जास्त शिकवते. पतीच्या धर्मांतराने त्यांचा संसार मोडल्यासारखा झाला. पुढे त्या पतीजवळ आल्या, तरी सोवळे सांभाळून वेगळे रांधत राहिल्या. एके दिवशी त्यांना प्रश्न पडला, की ही उच्चनीचता देवाने केली की माणसाने? त्या दिवसापासून कुणाच्याही हातचे पाणी प्यायचे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला, पण मन बदलले ते आधीच. हे सारे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहिले आहे. श्रद्धेचा मोठा निर्णय तिथे पेलाभर पाण्यापाशी होतो.

आज वसईत शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. घंटा होते, पण रहदारीत ती ऐकू येतेच असे नाही. संध्याकाळची वेळ टीव्हीने नेली, उरलेली मोबाइलने. माझा मित्र म्हणाला, "रोझरी आता आठवड्यातून दोनदाच जमते, पण त्या दोन दिवशी कुणाला उठू देत नाही." आमच्या घरीही काही निराळे नाही. फजरला किती जण उठतात, ते मी सांगत नाही.

म्हणून वाटते, की धर्म टिकवण्यासाठी मोठमोठ्या सभा आणि घोषणा हव्यात, असे सांगणाऱ्यांना एकदा हा इतिहास दाखवावा. घंटा नेल्या गेल्या, फर्माने निघाली, पुस्तके नाहीशी झाली. तरी श्रद्धा उरली, कारण कुणी आजी रोज एका वेळी बसत होती आणि नातवाला शेजारी बसवत होती. मेणवलीची घंटा आता देवळाजवळ टांगली आहे. तिच्यावरची तारीख ख्रिस्ती आहे, आणि नाद ऐकणारा जो असेल त्याचा आहे.