पितळेची साक्ष : लाहोरचे यंत्रराज

१/ संग्रहालयात ‘लाहोर, १७वे शतक’ अशी पाटी लावण्यापूर्वी अभ्यासकाला एक प्रश्न सोडवावा लागतो : ही वस्तू खरोखर तेव्हाची आहे काय? कोरलेले नाव आणि साल बनावटही असू शकते.

२/ शिकागोच्या ॲडलर तारांगणात लाहोरी यंत्रराज, म्हणजेच ॲस्ट्रोलेब, जतन केलेले आहेत. सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून वेळ काढण्याचे हे पितळी उपकरण.

३/ युरोपात पूर्वी तांबे आणि जस्ताचे खनिज एकत्र तापवून पितळ करीत. त्या रीतीने जस्ताचे प्रमाण साधारणपणे ३० टक्क्यांच्या फारसे पुढे जात नसे. म्हणून जुन्या म्हणविल्या जाणाऱ्या युरोपीय उपकरणात ते बरेच अधिक आढळले, की बनावटीची शंका येते.

४/ आर्गॉन प्रयोगशाळेत हे यंत्रराज ओरखडाही न पाडता तीव्र क्ष-किरणांनी तपासले गेले. अनेकांत जस्त अधिक निघाले. मग ते बनावट ठरवायचे?

५/ नाही. युरोपची कसोटी येथे लागू नव्हती. राजस्थानातील झावर येथे धातुरूप जस्त ऊर्ध्वपातनाने शतकानुशतके मिळवले जात होते; इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियनला त्याचे पेटंट मिळाले ते १७३८ मध्ये. धातुरूप जस्त थेट तांब्यात मिसळले, की प्रमाणाची ती मर्यादा उरत नाही.

६/ ज्या पुराव्यावरून हे यंत्रराज संग्रहातून बाद झाले असते, तोच पुरावा लाहोरच्या कारागिरांच्या धातुज्ञानाची साक्ष देतो. वस्तूची पारख करण्याआधी तिचा मुलूख जाणून घ्यावा लागतो, तो यासाठीच.