थोरली पाती, धाकटी पाती आणि भाड्याचं घर

आपल्याकडे दोन पिढ्या एकत्र बसल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पूर्वी पगार कमी होता, पण भागत होतं." देवास, बागली, कन्नोद या भागांत मुरलेल्या मराठी घरांचा हा जुना सूर. भागत होतं हे खरंच. पण नुसतं भागण्यापलीकडे काही घरं पुढे सरकली आणि काही तिथेच राहिली, ती कशामुळे, हे या वर्षीच्या स्मरणिकेच्या निमित्ताने पाहावं असं आम्हांला वाटलं.

अठराव्या शतकात तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंकडे देवास आलं आणि पुढे एकाच गावात दोन दरबार नांदू लागले, थोरली पाती आणि धाकटी पाती. बाहेरच्यांना त्याचं हसू येई. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनीही या दुहेरी थाटाची गंमत लिहून ठेवली आहे. आपल्या पूर्वजांना मात्र त्यात सोय होती. दोन दरबार म्हणजे दोन दफ्तरं, दोन खजिने. एवढ्याशा गावात लिहित्या-वाचत्या माणसाला कारकुनीच्या जागाही दुप्पट. पगार बेताचा, पण त्याला दरबारची सावली होती. ज्यांना इनाम होतं त्यांच्या घरी गहू-ज्वारी शेतावरून येई. राहायला दरबारच्या जागेतला किंवा कुणा मानकऱ्याच्या वाड्याचा एखादा सोपा. स्वतःचं घर बांधायची घाई कुणाला नव्हती. 'आपलं गाव' म्हणजे दख्खनेतलं, ही समजूत कित्येक पिढ्या टिकली.

घर बांधण्याची हौस केली ती खुद्द महाराजांनी. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव यांच्याकडे फॉर्स्टर 1921 साली खाजगी कारभारी म्हणून राहिले. तेव्हाच्या नव्या राजवाड्याचं त्यांनी केलेलं वर्णन वाचण्यासारखं आहे. एकीकडे बांधकाम अपुरं, दुसरीकडे बांधलेल्याची पडझड सुरू. माणूस म्हणून महाराज गोड, भाविक, गोकुळाष्टमीच्या उत्सवात रंगून जाणारे. पण हिशेब त्यांना कधी जमला नाही. संस्थान कर्जात बुडालं. 1933 च्या अखेरीस त्यांनी पाँडिचेरी गाठली आणि 1937 साली तिथेच त्यांचा अंत झाला. धन्याची अशी गत पाहूनही चाकरांनी आपापल्या घरांचा विचार केला नाही, याचं आम्हांला नवल वाटतं.

मग 28 मे 1948 उजाडला. मध्यभारत अस्तित्वात आला आणि देवासचे दोन्ही दरबार संपले. थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव त्याआधीच कोल्हापूरच्या गादीवर गेले होते. 1951 च्या कायद्याने जहागिऱ्याही गेल्या. नोकरी राहिली, पण ती आता बदलीची झाली.

आपल्यातल्या अनेकांच्या आयुष्यात बागली इथून येते. ही राठोड ठाकुरांची, ग्वाल्हेरच्या अमलाखालची जागा. कालीसिंधचा उगम याच भागातला, आणि दक्षिणेला विंध्य उतरला की नर्मदेचं खोरं. आता बागली देवास जिल्ह्याची तहसील झाली. तहसील म्हटल्यावर कचेरी, शाळा, पोस्ट, दवाखाना आले आणि बदलीचा हुकूम घेऊन येणारे मास्तर, बाबू, कंपाउंडरही आले. 1956 साली राजधानी भोपाळला गेली तेव्हा काही घरं तिकडच्या सरकारी क्वार्टरांत गेली, काही बागलीसारख्या गावांत उरली.

बागलीत राहणं स्वस्त होतं. दूध, भाजी, जळण हाताशी, शाळा चालत जाण्यासारखी, भाडं नगण्य. पण मुलगा अकरावी झाला की इंदूर. होळकर कॉलेज 1891 पासूनचं, ख्रिश्चन कॉलेज त्याच्याही आधीचं. शिकायचं तर तिथेच. मग इंदुरात एक खोली, एक स्टो, बरोबर आजी किंवा मोठी बहीण. दोन चुली पेटल्या की बागलीच्या स्वस्ताईतली सगळी शिल्लक इंदुरात विरघळून जाई. हा हिशेब वहीत दिसत नसे, कारण शिक्षणाचा पैसा आपल्याकडे खर्चात धरतच नाहीत.

भाड्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. 1961 साली मध्य प्रदेशात स्थान नियंत्रण अधिनियम आला. भाडं वाटेल तसं वाढवता येईना, आणि कायद्यात दिलेल्या कारणांखेरीज भाडेकरूला काढता येईना. भाडेकरू असलेल्या आपल्या घरांना हे वरदान वाटलं. पगार वाढत गेला, भाडं जवळपास तिथेच राहिलं. पण त्याच सुखाने पाय बांधले. 'एवढ्या स्वस्तात राहतो आहोत, तर बांधायचं कशाला?' असं म्हणता म्हणता निवृत्ती आली, आणि तोवर प्लॉटचे भाव आवाक्याबाहेर गेले होते. दुसऱ्या बाजूला ज्यांचे वाडे होते त्यांना भाड्यातून कौलं फिरवण्याइतकेही पैसे मिळेनात. वाडे खचले, वारस वाढले, वाटण्या रखडल्या. स्वस्त भाड्याने आपल्या समाजाचं जेवढं नुकसान केलं तेवढं महागाईने केलं नसेल, असं आमचं मत आहे. मतभेद असू शकतो. जुन्या भाडेकरूंच्या घरांतून तो ऐकायलाही मिळेल.

पुढे सरकली ती घरं निराळ्या वाटेने गेली. एक म्हणजे घरातल्या बायकांची नोकरी. लग्न होऊन आलेल्या मॅट्रिक सुनांनी प्रायव्हेट परीक्षा देत बी.ए. केलं, बी.एड. केलं आणि सरकारी शाळांत लागल्या. त्या दुसऱ्या पगारातून प्लॉटची रजिस्ट्री झाली, असं कित्येक घरांबद्दल सांगता येईल. रजिस्ट्रीवर नाव मात्र बहुधा नवऱ्याचंच असे. दुसरी वाट कारखान्याची. आग्रा-मुंबई रस्त्यालगत देवासचं औद्योगिक क्षेत्र वाढलं. नाशिकला 1928 पासून होणारं नोटा छापण्याचं काम सत्तरच्या दशकात बँक नोट प्रेसमुळे देवासलाही सुरू झालं. पाळीची नोकरी म्हणून आधी नाकं मुरडली गेली. कारकुनाचा मुलगा मशीनवर? पण भविष्य निर्वाह निधी, घरबांधणीचं कर्ज, ओव्हरटाइम यांतून जी पक्की घरं उभी राहिली ती बाबूगिरीतून राहिली नव्हती.

त्याच सुमारास माळव्यात सोयाबीन पसरलं. बागलीकडे थोडी काळी जमीन घेऊन ठेवणाऱ्यांच्या हाती प्रथमच पावसाळी पिकाचा रोख पैसा आला.

नवी घरं झाली तरी पाण्याचा हिशेब चुकलाच. वाड्यांच्या विहिरी बुजवून वस्त्या झाल्या, आणि 1990 च्या सुमारास देवासला रेल्वेने पाणी आणण्याची पाळी आली. टँकरचा खर्च तेव्हापासून घरखर्चात कायमचा बसला.

आता मुलं पुण्याला, बंगळुरूला आणि त्याही पलीकडे. तिथल्या फ्लॅटचे हप्ते वीस-वीस वर्षांचे. बागलीतलं किंवा देवासातलं घर विकून त्यात भर घालावी की ठेवावं, हा प्रश्न सध्या आपल्यापैकी बऱ्याच घरांत आहे. विकायचं म्हटलं की कुणीतरी विचारतं, मग महालक्ष्म्या कुठे बसवायच्या? म्हणून बरीच घरं अजून आहेत. वर्षभर कुलूप असतं. भाद्रपदात उघडतात, झाडून घेतात, टँकर मागवतात.