घरच्या नेटवर्कमध्ये पत्ता कायम कसा ठेवायचा? स्टॅटिक आयपी लावणे आणि बिघाड शोधणे

लाईन गेली, अर्ध्या तासाने आली, आणि त्यानंतर प्रिंटर 'ऑफलाइन' दाखवतो. कालपर्यंत दुकानातला कॅमेरा मोबाईलवर दिसत होता, आज दिसत नाही. नेटवाल्याने नवा राऊटर बसवला आणि मशिदीच्या कमिटीने लावलेले सगळे कॅमेरे एकदम बंद पडले. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, कुठेही जा, या तक्रारी ऐकायला मिळतात. यंत्र खराब झालं असं समजून लोक मेकॅनिकला पैसे देतात, काही जण तर नवा प्रिंटरच आणतात. पण बऱ्याच वेळा यंत्राला काहीही झालेलं नसतं. फक्त त्याचा पत्ता बदललेला असतो.

घरातूनच ऑनलाइन फॉर्म भरून देणारे, झेरॉक्स-प्रिंटचं काम करणारे अनेक भाऊ-बहिणी आपल्या जिल्ह्यात आहेत. स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख आणि त्याच दिवशी प्रिंटर सापडत नाही, तर नुकसान एकट्या दुकानदाराचं होत नाही, त्या विद्यार्थ्याचंही होतं. म्हणून हा विषय आम्ही सुरुवातीपासून, सोप्या भाषेत मांडत आहोत.

आयपी पत्ता म्हणजे काय?

नेटवर्कला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक लागतो. त्यालाच आयपी पत्ता म्हणतात. उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. चार आकडे, मध्ये टिंब, आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. (इथे आम्ही मराठी अंक वापरले आहेत. यंत्रात भरताना इंग्रजी अंकच टाका.)

पत्ते दोन प्रकारचे असतात. एक बाहेरचा, म्हणजे सार्वजनिक, जो नेट कंपनी देते. दुसरा आतला, म्हणजे खासगी, जो घरातला राऊटर वाटतो. खासगी वापरासाठी तीन पट्टे १९९६ साली राखून ठेवण्यात आले: १० ने सुरू होणारे सगळे पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. त्यामुळे भंडाऱ्यातल्या एका घरात जो १९२.१६८.१.२० आहे, तोच लाखनीतल्या दुसऱ्या घरातही असू शकतो. दोघांची गल्लत होत नाही, कारण हे पत्ते घराबाहेर चालतच नाहीत.

राऊटर हे पत्ते कायमचे देत नाही, भाड्याने दिल्यासारखे ठरावीक मुदतीसाठी देतो. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. मोबाईलला ही पद्धत उत्तम. पण प्रिंटर, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, हजेरीचं मशीन यांना इतर यंत्रं शोधत येतात. त्यांचा पत्ता रोज बदलला तर शोधणारा जुन्या दारावरच टकटक करत राहतो. अशा यंत्रांसाठी पत्ता कायम करायचा असतो. तोच स्टॅटिक आयपी.

आधी चार गोष्टी कागदावर लिहा

पहिली गोष्ट, राऊटरचा स्वतःचा पत्ता. याला गेटवे म्हणतात. जिओफायबरच्या राऊटरवर तो साधारणपणे १९२.१६८.२९.१ असतो. इतर अनेक राऊटरवर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. विंडोज कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' हा एकच शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. 'डिफॉल्ट गेटवे' समोर जो आकडा येईल तोच राऊटर.

दुसरी, सबनेट मास्क. घरी तो जवळपास नेहमी २५५.२५५.२५५.० असतो. काही ठिकाणी याच्याऐवजी 'प्रीफिक्स लेंग्थ' विचारतात, तिथे २४ टाका. अर्थ एकच. पहिले तीन आकडे सगळ्या यंत्रांचे सारखे, शेवटचा वेगळा.

तिसरी, राऊटर आपोआप कुठले पत्ते वाटतो तो पट्टा. राऊटरच्या पानावर डीएचसीपी विभागात सुरुवातीचा आणि शेवटचा पत्ता दिलेला असतो. समजा तो १०० ते १९९ आहे. मग हाताने द्यायचे पत्ते या पट्ट्याच्या बाहेर घ्या, म्हणजे २ ते ९९ किंवा २०० ते २५४ यांतले. राऊटर २ पासून २५४ पर्यंत सगळेच वाटत असेल, तर आधी तो पट्टा लहान करा.

चौथी, डीएनएस. नावावरून वेबसाइटचा पत्ता शोधून देणारी ही सेवा. इथे राऊटरचाच पत्ता टाकला तरी चालतो. दुसऱ्या जागेवर ८.८.८.८ हा गूगलचा किंवा १.१.१.१ हा क्लाउडफ्लेअरचा टाकता येतो.

पत्ता कायम करण्याचे दोन मार्ग

पहिला मार्ग राऊटरमधून. आमची शिफारस हीच. राऊटरच्या पानावर 'ॲड्रेस रिझर्वेशन' किंवा 'स्टॅटिक लीज' अशा नावाची सोय असते. तिथे यंत्राचा मॅक ॲड्रेस (कारखान्यातून मिळालेला बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक) आणि हवा असलेला आयपी लिहायचा. यंत्र 'ऑटोमॅटिक'वरच ठेवायचं. मग राऊटर त्याला दर वेळी तोच पत्ता देतो. याचा फायदा असा की सगळा हिशेब एका जागी राहतो, दोघांना एकच पत्ता जाण्याची भीती कमी होते आणि लॅपटॉप दुसऱ्याच्या घरी नेला तरी तिथे अडत नाही. काही राऊटरमध्ये राखीव पत्ता वाटपाच्या पट्ट्यातलाच असावा लागतो. तसं असेल तर राऊटर सांगेल ते ऐका.

एक काळजी घ्या. अलीकडचे अँड्रॉइड आणि आयफोन खासगीपणासाठी खरा मॅक ॲड्रेस लपवून दुसराच दाखवतात. मोबाईलसाठी पत्ता राखून ठेवायचा असेल तर त्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन ही सोय घरापुरती बंद करा.

दुसरा मार्ग थेट यंत्रातून. राऊटरमध्ये रिझर्वेशनची सोय नसेल किंवा नेटवाला त्याचा पासवर्ड देत नसेल, तर हा वापरा.

विंडोज १० आणि ११ मध्ये: सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय किंवा इथरनेट, त्या जोडणीची प्रॉपर्टीज, 'आयपी असाइनमेंट' समोर एडिट, मॅन्युअल, आणि आयपीव्ही४ सुरू. मग वर लिहून ठेवलेल्या चार गोष्टी भरून सेव्ह करा.

अँड्रॉइडमध्ये: वायफायच्या यादीत आपल्या नेटवर्कचं सेटिंग, ॲडव्हान्स्ड, आयपी सेटिंग्ज, स्टॅटिक. इथे प्रीफिक्स लेंग्थमध्ये २४.

प्रिंटरमध्ये: त्याच्या पडद्यावरच्या नेटवर्क मेनूत, किंवा प्रिंटरचा आयपी ब्राउझरमध्ये टाकून उघडणाऱ्या पानावर. पडदा नसलेले प्रिंटरही बहुधा नेटवर्कचा रिपोर्ट छापून देतात, त्यात सध्याचा आयपी असतो.

रेकॉर्डरमध्ये: टीव्ही किंवा मॉनिटर लावून नेटवर्क मेनूत. तिथे डीएचसीपीची खूण काढा आणि पत्ता भरा.

शेवटचं काम वहीतलं. कुठल्या यंत्राला कुठला पत्ता दिला ते एका कागदावर लिहून राऊटरजवळ चिकटवा. सहा महिन्यांनी याच कागदाची आठवण येईल. राऊटरचा पासवर्ड मात्र त्या कागदावर लिहू नका.

बिघाड कसा ओळखायचा?

पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो. याचा अर्थ यंत्राने पत्ता मागितला पण राऊटरकडून उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. लाईन परत आल्यावर हे हमखास घडतं. राऊटर सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो, कॉम्प्युटर त्याच्या आधी उठून बसतो. वायफाय बंद-चालू करा किंवा केबल काढून लावा. तरीही तेच दिसत असेल तर केबल आणि राऊटर तपासा.

'आयपी कॉन्फ्लिक्ट' असा इशारा येतो. दोन यंत्रांना एकच पत्ता गेला आहे. हे असं होतं: कॅमेऱ्याला हाताने दिलेला पत्ता राऊटरच्या वाटपाच्या पट्ट्यातलाच असतो. लाईन जाते, येते, राऊटर आधी सुरू होतो आणि तोच पत्ता एखाद्या मोबाईलला देऊन टाकतो. मग कॅमेरा उठतो आणि भांडण सुरू. कारखान्यातून येणारे पत्तेही बघा. हिकव्हिजनचे कॅमेरे १९२.१६८.१.६४ आणि दाहुआचे १९२.१६८.१.१०८ घेऊन येतात. एकाच कंपनीचे चार नवे कॅमेरे एकदम जोडले तर चौघांचा पत्ता एकच असू शकतो. म्हणून एकेक जोडा, पत्ता बदला, मग पुढचा.

नवा राऊटर आला आणि सगळं बंद. जुना राऊटर १९२.१६८.१ च्या पट्ट्यात होता, नवा १९२.१६८.२९ मध्ये आहे. कॅमेरे अजून जुन्याच मोहल्ल्यात उभे आहेत. प्रत्येक कॅमेऱ्याला नवा पत्ता देत बसण्यापेक्षा नव्या राऊटरच्या लॅन सेटिंगमध्ये त्याचा पत्ता जुन्यासारखा करा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

प्रिंट निघते पण इंटरनेट नाही. गेटवे चुकीचा भरला आहे. घरातलं घरात चालतं, बाहेरचा दरवाजा सापडत नाही.

वायफाय जोडलेलं दिसतं पण वेबसाइट उघडत नाही. कमांड प्रॉम्प्टवर 'पिंग' लिहून पुढे ८.८.८.८ टाका. उत्तर येत असेल तर लाईन ठीक आहे, डीएनएस चुकला आहे. उत्तर नसेल तर राऊटरला पिंग करा. राऊटर उत्तर देतो पण ८.८.८.८ देत नाही, म्हणजे गेटवे तपासा, आणि तोही बरोबर असेल तर बिघाड नेटवाल्याकडे. या दोन तपासण्या करून तक्रार केली की 'तुमच्याच कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम आहे' हे उत्तर ऐकावं लागत नाही.

एकाच घरात दोन राऊटर. कंपनीच्या पेटीतच एक राऊटर, त्याला पुढे आपला दुसरा. लॅपटॉप एकावर, प्रिंटर दुसऱ्यावर, मग एकमेकांना सापडणार कसे? दुसऱ्या राऊटरला 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाका. ती सोय नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता पट्ट्याबाहेरचा वेगळा ठेवा, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि केबल त्याच्या वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये लावा.

पत्ता बरोबर, तरी प्रिंटर ऑफलाइन. कॉम्प्युटरने जुना पत्ता धरून ठेवला आहे. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पोर्ट्स' उघडून तिथला आयपी बघा, किंवा प्रिंटर काढून नव्या पत्त्याने पुन्हा जोडा. लॅपटॉप 'गेस्ट' वायफायवर तर नाही ना, हेही बघा. गेस्ट नेटवर्कवरून घरातली बाकीची यंत्रं दिसत नाहीत.

बाहेरून कॅमेरा बघायचा असेल तर

इथे मोठा गैरसमज आहे. घरात पत्ता कायम केला म्हणजे नागपूरहून किंवा दुबईहून कॅमेरा दिसेल असं नाही. त्यासाठी बाहेरचा पत्ता लागतो, आणि त्याचीच टंचाई आहे. आयपीव्ही४ पद्धतीत जगभरासाठी सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. म्हणून अनेक कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात.

आपल्याकडे काय आहे ते ओळखायचं असेल तर राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी बघा. तो १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, किंवा सुरुवातीला सांगितलेल्या खासगी पट्ट्यातला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. मग राऊटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्डिंग करा, आयपीव्ही४ वर बाहेरून जोडणी येणार नाही. अशा वेळी कॅमेरा कंपनीचं क्लाउड ॲप वापरा, किंवा नेट कंपनीकडून स्वतंत्र स्टॅटिक आयपी घ्या. त्याचे वेगळे पैसे लागतात. फक्त घरचा कॅमेरा बघण्यासाठी तो खर्च करण्याची सहसा गरज नसते.

आणि बाहेरचा दरवाजा उघडायचाच असेल तर आधी कुलूप बदला. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेत अनेक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या होत्या. त्या हल्ल्यात 'मिराई' नावाच्या व्हायरसने ताब्यात घेतलेले कॅमेरे, रेकॉर्डर आणि राऊटर वापरले गेले, आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड मालकांनी कधी बदललाच नव्हता म्हणून ते त्याच्या हाती लागले. 'ॲडमिन' आणि '१२३४५' असा पासवर्ड असलेला कॅमेरा अंगणात किंवा घरात लावणं म्हणजे आपल्या आया-बहिणींचा परदा अनोळखी माणसाच्या हाती देणं. मशीद किंवा मदरशाच्या कमिटीनेही बघावं: कॅमेरे बसवून गेलेल्या माणसाला पासवर्ड अजून माहीत आहे का? असेल तर आजच बदला, आणि कमिटीतल्या दोन जबाबदार माणसांकडेच तो ठेवा.

थोडक्यात

मोबाईल आणि लॅपटॉप ऑटोमॅटिकवर राहू द्या. प्रिंटर, रेकॉर्डर, हजेरी मशीन यांचे पत्ते राऊटरमधून राखून ठेवा. हाताने दिलेला पत्ता वाटपाच्या पट्ट्याबाहेर घ्या. यादी कागदावर लिहा. राऊटरला लहानसा यूपीएस लावता आला तर लावा, पावसाळ्यात निम्मा त्रास तिथेच संपतो. आणि पुढच्या वेळी प्रिंटर सापडला नाही तर पैसे खर्च करण्याआधी त्याचा आयपी त्या कागदावरच्या यादीशी जुळवून बघा.