जुनी शिवण

बुलढाणा जिल्ह्यातला माणूस आपला मुलूख 'घाटावर' आणि 'घाटाखाली' अशा दोन भागांत सांगतो. घाटावर लोणार आहे. त्यामुळे जिल्ह्याच्या भूगर्भाविषयीचे आपले कुतूहल बहुधा तिथेच संपते. उल्केने क्षणार्धात खणलेले ते विवर विलक्षण आहे खरे, पण याहून फार जुना इतिहास घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात दडलेला आहे. तो पाहायला मात्र कोणी सहली काढत नाही.

जळगाव जामोद किंवा संग्रामपूरहून उत्तरेकडे पाहावे. मैदान संपते आणि सातपुडा एकाएकी उभा राहतो. केवळ पाण्याने झिजलेल्या डोंगराचा पायथा इतका सरळ राहत नाही. हा गाविलगडचा प्रस्तरभंग : उत्तरेची बाजू वर, दक्षिणेची खाली. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर त्याने कापले आहेत; म्हणजे ही हालचाल लाव्ह्यानंतरची. भेग मात्र लाव्ह्याहून कितीतरी जुनी. पूर्वेकडे, जिथे लाव्ह्याचे पांघरूण संपते, तिथे याच पट्ट्यातले चिरडलेले, ताणलेले खडक उघडे पडतात. उत्तर आणि दक्षिण भारताचे भूखंड एकमेकांना सांधले गेले, त्या काळाची ती खूण आहे. पुढे गोंडवन काळात याच परिसरात जमीन खचून गाळ साचला. मोर्शीजवळ सालबर्डीला तो लाव्ह्याखालून डोकावतो. तिथे गरम पाण्याचे झरेही आहेत.

मग हिमालय. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारताची आशियाशी टक्कर सुरू झाली आणि तो रेटा अजून ओसरलेला नाही. शिवलेले धोतर ताण पडला की जुन्या शिवणीतच उसवते. खडकाचेही तेच : अखंड पाषाण फोडण्यापेक्षा जुन्या भेगेवर सरकणे सोपे. एकेकाळी ताणामुळे जिथली जमीन खाली घसरली, तिथेच आता दाबामुळे ती वर चढू पाहते. १४ मार्च १९३८ चा सातपुड्याचा भूकंप आणि २२ मे १९९७ चा जबलपूरचा, दोन्ही खोलवरचे. जबलपूरला नर्मदेलगतच्या जुन्या भेगेवर खडक उलट दिशेने सरकल्याचे नोंदींतून दिसले. आमचे पठार अचल आहे, हा शाळेतला पाठ त्याआधीच, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत, हजारोंच्या जिवावर खोटा ठरला होता. तेव्हापासून तरी हा विषय केवळ खडकांच्या अभ्यासकांचा राहायला नको होता.

पूर्णेच्या खोऱ्यात भूकंपापेक्षा या भेगेचा जाच रोजचा आहे, आणि तो पाण्याचा. खचलेल्या बाजूला शेकडो मीटर जाडीचा गाळ भरला. निचरा मंद, पाऊस बेताचा. क्षार जमिनीतच राहिले. विल्यम ब्लॅनफर्डने तापी आणि नर्मदेच्या खोऱ्यांवरचा आपला ग्रंथ १८६९ मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळी वऱ्हाडात खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढणे हा जाणता धंदा होता. हा खारटपणा प्राचीन समुद्राचा की कोरड्या हवेचा, यावर अभ्यासकांत वाद झाला. खारपाणपट्ट्यातल्या बाईला त्या वादाशी काय करायचे? डोंगराच्या कुशीला, जिथे कड्यावरून आलेली जाड रेती आणि गोटे पसरले आहेत, तिथे विहिरीला गोड पाणी लागते, बागा उभ्या राहतात. तिथून पूर्णेकडे जाऊ लागले की तेच पाणी तोंडात धरवत नाही.