सिव्हिल लाइन्स ते जामठा

फुटबॉलवेड्या इंग्रजांची एक गंमत आहे. मैदान सोडायचं झालं की ते घरातलं माणूस गेल्यासारखा दुखवटा पाळतात. लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबच्या पुरुष संघाने मे २०२५ मध्ये गुडिसन पार्कवर शेवटचा सामना खेळला. मैदान १८९२ पासूनचं. आजोबांनी नातवाला तिथे नेलं, त्या नातवाने आपल्या नातवाला नेलं, अशा पिढ्या गेल्या. आता नदीकाठच्या जुन्या गोदीत पन्नास हजारांवर खुर्च्यांचं झकपक स्टेडियम झालंय. गुडिसन निदान महिला संघासाठी राखलं. लंडनच्या आर्सेनलचं हायबरी मात्र २००६ मध्ये बंद झालं आणि तिथे चक्क फ्लॅट निघाले. जिथे चेंडू फिरायचा तिथे आता रहिवाशांची बाग आहे!

आता वाशीम जिल्ह्यातल्या माणसाला याचं काय? आमच्याकडे फुटबॉल म्हणजे शाळेच्या पी.टी.च्या तासाला काढायचा एक अर्धवट हवेचा चेंडू. पण हे सगळं वाचताना भावना ओळखीची वाटली, कारण आम्हा वऱ्हाडातल्या मंडळींचंही एक मैदान असंच मागे पडलं. खेळ वेगळा, एवढंच. नागपूरचं सिव्हिल लाइन्समधलं व्हीसीएचं मैदान.

आधी थोडा इतिहास. या मैदानावर पहिली कसोटी झाली ती ऑक्टोबर १९६९ मध्ये. न्यूझीलंडने आपल्याला १६७ धावांनी हरवलं आणि भारतातला त्यांचा पहिला कसोटी विजय नागपूरच्या नावावर लागला. म्हणजे सुरुवातच पाहुण्यांना आहेर देऊन! त्याची परतफेड व्हायला ३१ ऑक्टोबर १९८७ उजाडावं लागलं. वर्ल्ड कप, समोर पुन्हा न्यूझीलंड. चेतन शर्माने रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांचे लागोपाठ त्रिफळे उडवले. वर्ल्ड कपमधली ती पहिली हॅट्‌ट्रिक. नंतर अंगात ताप असलेल्या गावसकरने ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या. आयुष्यभर ‘संथ’ म्हणून टोमणे खाल्लेल्या माणसाचं एकदिवसीय सामन्यातलं एकमेव शतक, आणि ते आमच्या नागपुरात! २२२ धावांचं लक्ष्य ३२.१ षटकांत पार झालं.

आमचे मोठे काका या सामन्याला गेले होते. त्या काळी इकडून नागपूरला जाणं म्हणजे एक यात्राच असायची. वाशीम होतं अकोला-पूर्णा या मीटर गेज रुळावर. त्या गाडीने अकोल्याला यायचं आणि तिथून मोठ्या गाडीने नागपूर. कारंज्याच्या लोकांना मूर्तिजापूरपर्यंत ‘शकुंतला’, म्हणजे नॅरो गेज. ती इतकी सावकाश की एस.टी. बरी. पण नागपूर स्टेशनवर उतरलं की पुढचा प्रश्न सुटलेला असायचा. पिशवीत पोळ्या, ठेचा, संत्री घ्यायची आणि चालत सुटायचं. ग्राउंड गावातच. रस्ता विचारायची गरज नाही, गर्दीच्या मागे जायचं. सामना संपला की सीताबर्डीवर चहा-पोहे आणि रात्रीची गाडी. मुक्कामाचा खर्च नाही, रिक्षाचा नाही. तिकिटाइतकंच हेही महत्त्वाचं होतं, कारण शेतावरच्या माणसाला एक दिवस काढणं परवडतं, दोन परवडत नाहीत.

काकांच्या तोंडी गावसकरच्या शतकाचं वर्णन आम्ही इतक्यांदा ऐकलं की आम्हीच तिथे होतो असं वाटावं. चॅटफिल्डच्या एका षटकात दोन षटकार नि दोन चौकार लागले तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाने त्यांना मिठी मारली होती, आणि त्या भरात त्यांचा चष्मा हरवला होता. “चष्मा गेला त गेला, पण दिसलं सारं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

इथवर सगळं गोड आहे. जुन्या मैदानाबद्दल लिहायला बसलं की लेखणी इथेच थांबते आणि उसासा टाकते. पण मला पुढचंही लिहायचंय.

२६ नोव्हेंबर १९९५. तेच मैदान, पुन्हा न्यूझीलंड. नेथन अ‍ॅस्टलने शतक ठोकलं, त्यांच्या ३४८ धावा झाल्या. आणि दोन डावांमधल्या मधल्या सुट्टीत पूर्वेकडच्या स्टँडची भिंत कोसळली. किमान नऊ प्रेक्षक मेले, कितीतरी जखमी झाले. सामना थांबला नाही. भारताचा डाव ठरल्याप्रमाणे सुरू झाला आणि संपला.

काका त्याही सामन्याला गेले होते. (तेव्हा आम्ही अजून अकोला जिल्ह्यात होतो, वाशीम वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला.) घरी फोन नव्हता. संध्याकाळच्या बातम्यांत भिंतीचं ऐकलं आणि काकूंनी चूल विझवली. वडील एस.टी.डी. बूथवर जाऊन बसले, पण फोन करणार कुणाला? नागपुरात कुणाचा नंबरच आमच्याकडे नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी काका हातात पिशवी हलवत आले. ते दुसऱ्या बाजूच्या स्टँडमध्ये होते, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. “मले त ठेसनावर आल्यावर कयलं,” म्हणाले, आणि ओट्यावर बसले ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. एकाच मैदानात एका बाजूला माणसं ढिगाऱ्याखाली आणि दुसऱ्या बाजूला लोक संत्री सोलत बसलेले. त्यानंतर गावसकरची गोष्ट ते सांगत, पण शेवटी एक वाक्य वाढलेलं असे: “गर्दी लई होती बाबू, लई होती.”

म्हणून फुटबॉलवाल्यांच्या जुन्या-नव्याच्या वादात मला नेहमी शेफील्डचं हिल्सबरो मैदान आठवतं. १५ एप्रिल १९८९ ला तिथे उभ्याने सामना पाहायच्या जाळीबंद भागात गर्दी चेंगरली आणि ९७ माणसांचा जीव गेला. तिथे सामना मात्र सहाव्या मिनिटाला थांबवला होता. पुढे न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल आला. वरच्या दोन विभागांतल्या मैदानांवर प्रत्येकाला खुर्ची हवी असं ठरलं आणि उभ्याने पाहायचे ते प्रसिद्ध कठडे गेले. आज इंग्लंडमध्ये जुन्या मैदानांसाठी गळा काढला जातो तो बहुतेक त्या कठड्यांसाठी असतो: तिथली गाणी, तिथली उब, खांद्याला खांदा लावून उभं राहणं. ते खरंच होतं. पण ज्या दाटीत उब होती त्याच दाटीत माणसं मेली. आपल्याकडेही १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात १६ जण गेले. जुन्या मैदानावर प्रेम करायचं तर हा हिशेबही मांडायला हवा.

तिकडच्या चाहत्यांचं दुसरं म्हणणं मात्र मला पटतं. सुरक्षिततेसाठी खुर्च्या आल्या, ठीक. पण खुर्च्यांबरोबर तिकिटं महागली, काचेच्या खोल्या आल्या आणि पूर्वी शनिवारी सहज येणारा कामगार हळूहळू बाहेर पडला. पहिली गोष्ट केली म्हणून दुसरी करावीच लागते असा काही नियम नाही.

आता जामठ्याकडे येऊ. सिव्हिल लाइन्सच्या आजूबाजूला हायकोर्ट, विधानभवन, सरकारी बंगले. मैदान वाढणार तरी कुठे? गाड्या लावणार कुठे? तेव्हा शहराच्या दक्षिणेला, वर्धा रोडवर, मोकळ्या जागेत नवं स्टेडियम उभं राहिलं. जुन्या मैदानावरची शेवटची कसोटी मार्च २००६ मधली, इंग्लंडविरुद्ध. पदार्पणात अ‍ॅलिस्टर कुकचं शतक झालं, तर पनेसरची पहिली विकेट म्हणजे साक्षात सचिन! नव्यावरची पहिली कसोटी नोव्हेंबर २००८ मध्ये, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. गांगुलीची शेवटची, लक्ष्मणची शंभरावी, आणि जेसन क्रेझा नावाच्या नवख्या फिरकीपटूने पहिल्याच सामन्यात १२ बळी घेतलेली. सामन्याला काय काय नव्हतं! नव्हती ती माणसं. गांगुलीसारख्याचा निरोप, आणि टीव्हीवर दिसत होत्या त्या रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा.

गंमत बघा, त्याच २००८ साली आमची अकोला-पूर्णा लाइन ब्रॉड गेज झाली. रेल्वे सुधारली आणि मैदान स्टेशनपासून दूर गेलं! स्टेशनवरून चालत जाण्याचा हिशेब संपला. मुंबईकरांनीही १९७५ मध्ये ब्रेबॉर्न सोडून वानखेडे धरलं होतं, पण ते चालत जाण्याच्या अंतरावर, त्याच चर्चगेट स्टेशनच्या आधाराने. आमचं मैदान गेलं हायवेवर. ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्यासाठी ते जवळ आलं, ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी लांब. काकांना एकदा म्हटलं चला जामठ्याला, तर म्हणाले, “सामना संपल्यावर वापस कसं यायचं थे सांग पहिले.” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण रिकाम्या खुर्च्यांचा सगळा दोष इमारतीला देता येत नाही. फुटबॉलमधलंच उदाहरण देतो, आपल्या मुंबईचं. कूपरेजचं जुनं मैदान म्हणजे रोव्हर्स कपची आठवण. ती स्पर्धा १८९१ पासूनची, आणि हैदराबाद सिटी पोलीसने १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं जिंकलेली. आता मोठे सामने अंधेरीला होतात. जून २०१८ मध्ये तिथे भारताने चायनीज तैपेईला ५-० ने हरवलं तेव्हा प्रेक्षक होते २,५६९. सुनील छेत्रीने हात जोडून व्हिडिओत विनंती केली की शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. पुढचा केनियाविरुद्धचा सामना त्याचा शंभरावा होता. भर पावसात अंधेरी भरली. खुर्च्या त्याच, मैदान तेच, तीन दिवसांचा फरक. कुणीतरी ‘या’ म्हटलं होतं.

आणि कोल्हापूरकरांना तर ‘या’ म्हणावंही लागत नाही. तिथलं शाहू स्टेडियम आजच्या मापाने काही आधुनिक नव्हे. पण पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना असला की पेठाच्या पेठा चालत येतात. तालमींचे संघ, गल्लीतली पोरं, गावातलं मैदान. मला वाटतं चाहता जुन्या मैदानासाठी रडतो तेव्हा तो या चालत येण्यासाठी रडत असतो. आपल्या रोजच्या वाटेवर एक जागा होती, ती उचलून दुसरीकडे ठेवली, हे त्याचं दुःख. विटांचं फारसं काही नसतं.

मग जामठा कायम परकंच राहणार का? मलाही बरीच वर्षं तसं वाटायचं. मार्च २०११ मध्ये वर्ल्ड कपला ते तुडुंब भरलं होतं, सचिनने ९९ वं शतक मारलं, आणि आपले शेवटचे नऊ गडी २९ धावांत गेले. त्या दिवशी हजारो लोक एकदमच हळहळले असतील. आठवणी अशाच लागतात. नुसत्या विजयाने मैदान आपलं होत नाही, एखादा पराभव तिथे पुरावा लागतो. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये आदित्य सरवटेने ११ बळी घेतले आणि सौराष्ट्राला हरवून विदर्भाने लागोपाठ दुसऱ्यांदा रणजी जिंकली, ती जामठ्यावर. मार्च २०२५ मध्ये केरळविरुद्ध तिसरी रणजी, तीही तिथेच. ज्या विदर्भाला आमच्या लहानपणी कुणी मोजत नव्हतं, त्याचे दोन करंडक सिव्हिल लाइन्सने पाहिलेच नाहीत. आज जी पोरं दहा-बारा वर्षांची आहेत, त्यांचं ‘जुनं मैदान’ जामठाच असणार.

वाटही थोडी बदलली. २०१९ मध्ये नागपूरची मेट्रो वर्धा रोडने खापरीपर्यंत आली. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाला, आणि तो आमच्याच जिल्ह्यातून, कारंजा आणि शेलूबाजारवरून जातो. नागपूर आता काही तासांवर. शकुंतला बंद पडली ती पडलीच, पण गाडीवाल्याला सकाळी निघून रात्री घरी येता येतं. गाडी नसलेल्याचा प्रश्न मात्र काकांनी विचारला होता तिथेच आहे. स्टेडियम बांधताना जेवढा विचार गाड्या लावायच्या जागेचा होतो तेवढाच सामन्यानंतरच्या एस.टी.चा झाला, तर वऱ्हाडातले निम्मे रुसवे त्याच दिवशी संपतील.

सिव्हिल लाइन्सचं मैदान पाडलं नाही, तिथे क्रिकेट चालूच आहे, याचा मला आनंद आहे. त्याच्या गोष्टी सांगितल्या जाव्यात. गावसकरचं शतक सांगा, चेतनची हॅट्‌ट्रिक सांगा, चष्मा हरवल्याचंही सांगा. फक्त त्याच दमात, सामना बघायला घरून निघालेल्या आणि परत न आलेल्या त्या माणसांचंही सांगा. काका होते तोवर ते न विसरता सांगायचे. आता ते नाहीत, म्हणून मी लिहून ठेवतोय.